अर्धशिशीला डिप्रेशनची गोळी?

गुहागरकर: महिन्यात ६-७ वेळा अर्धशिशी उठते. सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास आला की ओकारीच. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रात्री ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिली. औषधवाला म्हणाला, "ही डिप्रेशनची." तेव्हापासून आई माझ्याकडे टकामका बघतेय. घेऊ का?

मालवणकर: मी दोन वर्षं घेतली. डिप्रेशनला सहसा ७५-१५० लागते, ही त्यापुढे चिमूटभर. लगेच गुण येत नाही, ६-८ आठवडे धीर धर. माझं तोंड एवढं सुकायचं की उशाशी तांब्या ठेवायचो.

दापोलीकर: सकाळी झापड येते, म्हणून मी रात्री आठलाच घ्यायचे. वजनही वाढलं (आंबोळ्यांचा दोष नव्हे!). काचबिंदू, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांग. मनाने बंद करू नकोस.

गुहागरकर: आजपासून सुरू. आईला कोण समजावणार?