अंगावरचं पिणं लगेच तोडायला हवं?

दिवस राहिल्याबरोबर मोठ्याचं अंगावरचं पिणं तोडा, कडुनिंब नाहीतर कोरफड लावा, असा सल्ला वर दोघींनी दिलाय. सरसकट पटत नाही. सगळं सुरळीत असेल तर पाजत राहता येतं, फक्त आईने पोटभर जेवायला हवं. आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा जुळी असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होतं, पुढे त्याचा चीक (बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध) व्हायला लागतो, चवही बदलते. बरीच मुलं तेव्हा स्वतःच सोडतात. माझी लेक तेव्हा वीस महिन्यांची होती. एका रात्री दोन घोट घेतले, तोंड बाजूला केलं, "आई, संपलं" म्हणाली आणि माझं मंगळसूत्र मुठीत धरून झोपली. पुढे आठवडाभर झोपताना ती मुठीत काहीतरी धरायला मागायची. मग सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. कडू काही लावावंच लागलं नाही. पोरीला आधीच आई वाटून घ्यायचीय, त्यात तिच्या जिभेला कडू कशाला?