चोर्ल्यासाठी ११-२८ पुरेल का?

पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, लहानात लहान ११ दातांची, मोठ्यात मोठी २८), एवढ्यावर गोव्यातल्या केरीकडून चोर्ला घाट चढेल का, असं विचारलंय. त्यावर एका दादांनी 'पाय तयार करा, गियर बदलू नका', म्हणजे आहे तीच कॅसेट ठेवा, असं म्हटलंय. रिकाम्या सायकलीला ते चालेल. पण तुम्ही मागे पॅनियर (सामानाच्या पिशव्या) लावून बेळगावला परतणार, म्हणजे हिशेब वेगळा.

पुढे ३४, मागे २८ दातांवर (३४-२८ला) पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते, ३४-३४ला २.१. ताशी ९ किमी वेगाला पहिल्यात मिनिटाला ६० फेऱ्याही होत नाहीत, दुसऱ्यात सत्तरेक होतात. तासभर चढताना गुडघ्यांना हाच फरक जाणवतो. शिवाय खरा तीव्र वळणाचा तुकडा आला की वेग आणखी पडतो, आणि तेव्हा खाली टाकायला गियर उरलेला नसतो.

तेव्हा ११-३४ कॅसेट घ्याच. फक्त आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघा. आखूड केजच्या (चेन ताणून धरणारी खालची दांडी आखूड असलेल्या) बऱ्याच डिरेलरना ३४ झेपत नाही. पुढच्या चकत्यांतला फरक १६ (५०-३४), मागच्यांतला २३ (३४-११), मिळून ३९ दातांची ढिली चेन त्याला ओढून घ्यायची असते. चेनही बहुतेक नवी, लांब लागेल. बेळगावात कॅम्पात नाहीतर टिळकवाडीत, जिथे कामाला टाकाल तिथे मिस्त्रीला पुढची मोठी आणि मागची मोठी चकती या जोडीवर चेन तपासायला लावा की.

तिलारी घाटाचा बेत असेल तर मात्र हेही कमी पडेल. तिथे पुढे तीन चकत्यांची एमटीबीच (डोंगरी सायकल) बरी, दिसायला कशी का असेना.