अनुभव धागा : सोलापूर ते राजस्थान, गाडी काढावी का रेल्वेनं जावं?

दिवाळीनंतर घरचे सगळे जयपूर-जोधपूर म्हणतायत. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. सात सीटर दारात उभीय, पण बाबा म्हणतात एवढ्या लांब गाडी कशाला. यूट्यूबवर सगळे पुण्या-मुंबईहूनच निघतात, आपल्या सोलापुरातनं कुणी गाडी नेली असेल तर लिवा की.

चादरवाला : मालक, रस्ता शोधायचाच नाय. आपला तुळजापूर रोडचा ५२ नंबर हायवेच धाराशिव, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा करत जयपूरला जातोय, पुढं पंजाबात संगरूरपर्यंत. जयपूर चौदाशे किलोमीटरच्या आसपास धरा. मी चादरी-टॉवेलचा माल घेऊन वर जातो. कन्नडचा घाट आमच्या जड गाड्यांना हायकोर्टानं २०२३ ला बंद केला, आम्ही नांदगावकडनं फिरून जातो, त्यामुळं तुमच्या कारला घाटात आता बरंच मोकळं मिळतं. तरी अंधारात घाट नको, आणि सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात उतारावर ट्रकच्या मागं चिकटून चालू नका बे, आमचे ब्रेक तापलेले असतात.

सूनबाई_जुळे_सोलापूर : आम्ही सासूबाईंना घेऊन गेलेलो. गूगल जेवढे तास दाखवतं त्यावर थांबण्याचे वेगळे धरा, गुडघ्यांना दर दोन तासांनी उतरायलाच लागतं आणि हायवेवर बरं बाथरूम शोधणं हाच बायकांचा खरा प्रवास असतो, पुरुष लोक हे कधी लिहीत नाहीत. पहिला मुक्काम धुळ्यात, दुसरा इंदुरात, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाणं आणि सकाळी उज्जैन, त्यामुळं सासूबाईंची कुरकुर तिथंच संपली. कडक भाकरी न् शेंगाचटणी भरपूर घ्या, कोट्याच्या पुढं पोरं पण तीच मागत होती.

पासवाला : फास्टॅगचा वार्षिक पास काढा. २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांना होता, २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरूय, राजमार्गयात्रा ॲपवर मिळतो. फक्त नॅशनल हायवेला चालतो हां, समृद्धीवर चढलात तर वेगळे पैसे कटणार.

रिटायर्ड_काका : तुमच्या वडलांचं बरोबर आहे. आम्ही दोघंच होतो, कर्नाटक एक्सप्रेसनं इथून थेट आग्रा, ताजमहाल बघितला आणि तिथनं जयपूरला टॅक्सी केली, अडीचशे किलोमीटर सुद्धा नाही. दोघांना गाडी नेणं परवडतच नाही हो, डिझेलच जीव खातं. सहा जणांचा हिशोब मात्र उलटा होतो, तिथं जोधपूर वगैरे फिरायला परत मोठी गाडी भाड्यानं घ्यावी लागेल. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, दिवाळीच्या गर्दीत त्याच सकाळी बसायला लागतं.

दोन्हीकडून : आम्ही वाटणी केली. म्हातारी माणसं आणि पोरं रेल्वेनं, मी न् मेव्हणा बॅगा घेऊन गाडीनं, आग्र्यात भेटलो. आम्ही एक दिवस आधी निघालो तरी रेल्वेवालेच ताजेतवाने दिसत होते. परत येताना सगळे गाडीत, इंदुरात मुक्काम करून.

बुलेट_होटगी_रोड : बाईकला टोल नाय, तेवढंच सुख. आणि बेत डिसेंबर-जानेवारीवर ढकलू नका बे, तिकडं वर सकाळी धुकं असं पडतं की समोरच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसतो. ऊन पडल्याशिवाय किल्लीला हात लावू नका.