पोलंडमधला ईस्टर: मिशनऱ्यांसाठी थोडी भर

पोलंडमध्ये मिशनवर असताना ईस्टरची तयारी कशी करावी, या प्रश्नावर थोडी भर. गुड फ्रायडेला तिथे सार्वजनिक सुट्टी नसते. किराणा तेव्हाच भरा. शनिवारी दुकानं कायद्याने दुपारी २ ला बंद होतात, आणि रविवार-सोमवार बहुतेक सगळं बंदच. शनिवारी अंडी, पाव, मीठ, सॉसेज यांची टोपली चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. रविवारी न्याहारीला त्यातलं अंडं वाटून खातात. तुमच्यापुढे कुणी ते धरलं तर नाकारू नका, फार मायेचा मान असतो तो. सोमवारी श्मिगुस-डिंगुस, म्हणजे एकमेकांवर पाणी ओतणं. फोन, पासपोर्ट, पत्रकं झिपच्या पिशवीत ठेवा. दारोदार जाणं त्या दिवशी टाळाच. घरोघरी पाहुणे असतात. ट्रामही सुट्टीच्या वेळापत्रकाने, कमीच धावतात.