कॉटवर राहायला जाताना जुनी केस आधी सांगायची का?

नवीपेठकर:
पुण्यात चौघांच्या फ्लॅटमध्ये एक कॉट (एकाची झोपायची जागा) भाड्याने घ्यायची आहे आणि नावावर जुनी केस आहे. माझं मत स्पष्ट आहे: टोकन देण्याआधीच मालकाला सांगावं. मागाहून कळलं की डिपॉझिट अडकतं आणि महिन्याच्या मधेच बॅग भरावी लागते. पण नुसतं "केस आहे" म्हणू नये. एफआयआर, आरोपपत्र, चालू खटला, निर्दोष सुटका आणि शिक्षा या पाच वेगळ्या गोष्टी आहेत, ऐकणारा मात्र सगळ्याचा अर्थ "गुन्हेगार" असाच लावतो. निर्दोष सुटला असाल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि तीच समोर ठेवा.

सातबारा:
साफ चूक. विचारलं नसताना आपणहून सांगणं म्हणजे हातातली कॉट घालवणं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७: बोलणं हे कर्तव्य नसेल तिथे नुसतं मौन म्हणजे कपट नव्हे. उलट केस आहे म्हणून मालकाने नाही म्हटलं, तर त्याला जाब विचारता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. मग सांगून मिळवलं काय? अठराच्या आतलं प्रकरण असेल तर तोंडच उघडू नका. बालन्याय कायदा, २०१५, कलम २४ नुसार त्याचा डाग पुढे लागत नाही (सोळा ते अठरा वयात प्रौढ म्हणून चाललेला अतिगंभीर गुन्हा सोडून).

भाडेकरार_वाला:
सातबारा, अर्धंच सांगितलंत. मालकाने थेट विचारलं आणि "नाही" म्हणालात, तर ते मौन राहत नाही, खोटं ठरतं. मग कलम १९ प्रमाणे तो करार रद्द करू शकतो. गप्प राहणं वेगळं, थाप मारणं वेगळं.
आणखी एक गैरसमज. मालक पोलिसांच्या साइटवर भाडेकरूची माहिती भरतो: फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता, ओळखीच्यांचे नंबर. त्याची जी पोच मिळते ती फक्त माहिती दिल्याची असते. ती हातात घेऊन "व्हेरिफिकेशन झालं, माणूस स्वच्छ आहे" म्हणणारे मालक पैशाला पासरी. चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा असतो आणि त्याचा अर्ज माणूस स्वतः करतो.

तिसरी_कॉट:
मालकाचं झालं, रूममेटचं काय? एकाच खोलीत झोपायचं, एकच बाथरूम. शिक्षा मारहाणीची किंवा घरातल्या चोरीची असेल तर शेजारच्या कॉटवरच्याला ते कळायलाच हवं. चेक बाउन्सची केस असेल तर त्याला काय करायचंय?

सातबारा:
आणि ही यादी ठरवणार कोण? आज चोरी, उद्या आंदोलनातली अटक.

भाडेकरार_वाला:
यादी राहू द्या, करारात नाव कोणाचं ते आधी बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तरी कॉट बेसिसला एकाच्या नावावर करार आणि बाकी तिघे तोंडी, हे सर्रास चालतं. केस असलेल्याने असं कधीच राहू नये. वाद झाला की पहिला बाहेर तोच, आणि डिपॉझिट दिल्याचा कागद नाही. नाव घाला, अंगठा द्या, डिपॉझिट बँकेतून पाठवा. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, चौघांत अडीचशे.

तिसरी_कॉट:
नाव घालायचं तर मालक विचारणारच की.

नवीपेठकर:
म्हणूनच टोकनआधी.