रिकाम्या टाकीत वेल्डिंग: डिटेक्टरवरचे शून्य पुरेसे आहे का?

प्रश्न: कच्च्या तेलाची टाकी रिकामी करून धुतल्यानंतर गॅस डिटेक्टरवर ज्वलनशील वायूचे प्रमाण शून्य दिसत असेल, तर आत वेल्डिंगचा परवाना द्यावा का?

उत्तर १: केवळ त्या आकड्यावर देऊ नये. तळाशी किंवा पत्र्यांच्या सांध्यांत उरलेला गाळ तापला की त्यातून पुन्हा वाफा निघू लागतात आणि सकाळचे माप दुपारी निरुपयोगी ठरते. म्हणून काम संपेपर्यंत मोजणी अखंड चालू ठेवावी. या वाफा बहुधा हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे तळाजवळ मोजणे अत्यावश्यक आहे.

उत्तर २: आधी ऑक्सिजन मोजावा. टाकीत नायट्रोजन भरलेला असल्यास, वायू जाळून मोजणारा डिटेक्टर ऑक्सिजनअभावी खोटे शून्य दाखवू शकतो.

उत्तर ३: पाळी बदलताना परवान्याची माहिती समोरासमोर द्यावी, असा माझा आग्रह आहे. उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेल-वायू काढणाऱ्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी ज्या पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती, तोच पंप रात्रपाळीने सुरू केला, कारण झडप काढल्याचे त्यांना कळलेच नव्हते; त्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली.

प्रश्नकर्ता: ऑक्सिजनचा मुद्दा आमच्या तपासणी यादीत नव्हता. आजच घालतो.