शब्दचर्चा : वसवलेल्या ग्रहावर यंत्रमानवांची ‘लोकसंख्या’ म्हणावी का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आमच्या वाचनमंडळातील काही जण मराठीत विज्ञानकथा लिहितात. माझ्या कथेत माणसांनी वसवलेला एक दूरचा ग्रह असून तेथे 3 हजार माणसे आणि 40 हजार यंत्रमानव आहेत. पहिल्या मसुद्यात मी असे वाक्य लिहिले होते : ‘या ग्रहाची लोकसंख्या 43 हजार असून त्यांपैकी केवळ 3 हजार माणसे आहेत.’ मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी या वाक्याला हरकत घेतली. त्यांच्या मते ‘लोक’ म्हणजे माणसेच, त्यामुळे वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाशी भांडतो. दुसऱ्या सदस्यांचे म्हणणे असे की विज्ञानकथेत शब्दांचे अर्थ थोडे ताणावेच लागतात. ‘जनसंख्या’, ‘समष्टी’, ‘वस्ती’ आणि ‘यंत्रसंख्या’ असे पर्यायही पुढे आले. यांतला कोणता शब्द योग्य ठरेल? तसेच जेथे यंत्रेच अधिक आहेत त्या ठिकाणाला ‘वसाहत’ म्हणता येईल का? विषय फार किरकोळ वाटत असल्यास क्षमस्व.

उत्तर (सिडको, नाशिक)

सप्रेम नमस्कार. विषय मुळीच किरकोळ नाही. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला भरलेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते. ज्या गावाने विज्ञानकथाकाराचे अध्यक्षपद पाहिले, त्या गावात विज्ञानकथेच्या शब्दांची चर्चा नेमकेपणानेच व्हायला हवी.

प्रथम ‘लोकसंख्या’. संस्कृतात ‘लोक’ शब्दाला जग आणि माणसे असे दोन्ही अर्थ आहेत. इहलोक, परलोक, त्रिलोक या शब्दांत पहिला अर्थ अजून टिकून आहे, पण आजच्या मराठीत ‘लोक’ म्हटले की माणसेच डोळ्यांपुढे येतात. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यात दुसऱ्या कोणाला जागाच नाही. निफाडच्या उसातील बिबट्यांविषयी लिहिताना आपण ‘बिबट्यांची संख्या’ लिहितो, ‘बिबट्यांची लोकसंख्या’ लिहीत नाही. म्हणून आपल्या ज्येष्ठ सदस्यांची हरकत व्याकरणाच्या नव्हे, तर अर्थाच्या बाजूने रास्त आहे. ‘जनसंख्या’ घेतल्यास हिंदीचा वास तेवढा येतो, अडचण मात्र तीच राहते, कारण ‘जन’ हाही माणूसच. ‘समष्टी’ हा संख्याशास्त्राचा शब्द आहे. तेथे कारखान्यातून निघालेल्या दिव्यांचीही समष्टी असू शकते. तो अचूक आहे, पण कथेच्या वाक्यात घातला तर वाचकाला पाठ्यपुस्तक उघडल्यासारखे वाटेल.

तरीही ‘लोकसंख्या’ हा शब्द सर्वस्वी बाद करू नये असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण आपल्या जनगणनेच्या पद्धतीत आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61,07,187 होती. त्याच जनगणनेच्या घरयादीच्या टप्प्यात रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक, भ्रमणध्वनी, सायकल, दुचाकी, मोटार यांचीही विचारणा झाली होती. पण ती घराकडे असलेली मालमत्ता म्हणून, घरातील माणसे म्हणून नव्हे. गुराढोरांची मोजणी पशुगणनेत वेगळी होते. म्हणजे मोजणीच्या तीन वेगळ्या वह्या झाल्या : माणसांची, जनावरांची आणि वस्तूंची. आपल्या कथेतील ग्रहावर जो कारकून नोंद करतो, तो यंत्रमानवाला यांपैकी कोणत्या वहीत घालतो, हे आधी लेखकाने ठरवले पाहिजे. शब्द त्या निर्णयाच्या मागून येतो. त्याने पहिल्या वहीत घातले असेल, तर 43 हजार ही लोकसंख्याच आहे, आणि मग वाचकाला बसणारा धक्का हाच त्या वाक्याचा हेतू ठरतो.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या 1957 च्या ‘द नेकेड सन’ या कादंबरीतील सोलारिया ग्रह येथे आठवतो. तेथे 20 हजार माणसे आणि 20 कोटी यंत्रमानव आहेत, म्हणजे दरडोई 10 हजार. त्याच लेखकाच्या ऑरोरा ग्रहावर हे प्रमाण दरडोई 50 आहे. ‘दरडोई’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण यंत्रमानवालाही डोके असते, पण या शब्दातील डोई माणसाचीच धरली जाते, आणि तेवढ्या एका शब्दाने कोण मोजणारा व कोण मोजला जाणारा हे ठरून जाते. सोलारियाची माणसे आपली संख्या 20 हजारांच्या पुढे जाऊ देत नाहीत, एकमेकांपासून दूर, अफाट जमिनींवर एकेकटी राहतात, प्रत्यक्ष भेटणे त्यांना किळसवाणे वाटते, आणि म्हणून ती एकमेकांना दूरदर्शनासारख्या प्रतिमेतूनच पाहतात. आता एखाद्या अनुवादकाने ‘सोलारियाची लोकसंख्या 20 कोटी 20 हजार’ असे लिहिले, तर बेरीज बरोबर असूनही कादंबरी चुकेल. त्या समाजाचा सारा अहंकार 20 हजार या आकड्यात साठलेला आहे. 20 कोटी त्यांच्या हिशेबात लोक नाहीतच. याउलट 1954 च्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मधील पृथ्वीवर 800 कोटी माणसे पोलादी छताखालच्या नगरांत दाटीने राहतात आणि यंत्रमानवांचा मनापासून दुस्वास करतात. तेथे ‘लोकसंख्या’ हा शब्द माणसांच्या गर्दीला सहज चिकटतो आणि कोणाला त्याचा विचारही करावा लागत नाही.

‘वसाहत’ शब्दाविषयी नाशिककरांनी तरी फार चिंता करू नये. सातपूर आणि अंबड यांना आपण औद्योगिक वसाहत म्हणतो. तेथे यंत्रे आहेत, शेड आहेत, पाळ्यांमध्ये येणारी-जाणारी माणसे आहेत. पण त्या कारखान्यांच्या आवारात रात्री मुक्कामाला राहणारे थोडेच. यंत्रबहुल जागेला वसाहत म्हणण्याची सवय आपल्याला आधीच आहे. आपल्या ग्रहाला ‘यंत्रवसाहत’ म्हटले तरी वाचक अडखळणार नाही. मात्र वसाहत म्हटले की कोणीतरी ती बाहेरून येऊन वसवली, हा अर्थ सोबत येतो. ग्रहावर आधीपासून जीव असतील, तर ‘वसाहतवाद’ हा शब्दही दारात उभा राहतो, याचे भान कथेत ठेवावे.

‘वस्ती’ हा मात्र मला या साऱ्यांत सर्वांत समर्थ शब्द वाटतो. ‘गावाची वस्ती दोन हजार’ म्हटले की तो संख्या सांगतो. ‘मळ्यातली वस्ती’ म्हटले की ठिकाण सांगतो. ‘पाहुणे वस्तीला आले’ म्हटले की रात्रीचा मुक्काम सांगतो. आणि पेठ-सुरगाण्याकडच्या गावांत ‘वस्तीची गाडी’ म्हणजे रात्री तेथेच थांबून पहाटे निघणारी एसटी. येथे वस्ती करते ती चक्क एक यंत्रगाडी, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. आज मंगळावर एकही माणूस नाही. 2012 पासून क्युरिऑसिटी आणि 2021 पासून पर्सिव्हरन्स या बग्ग्या तेथे हिंडत आहेत, त्यांच्या आधी 2004 मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी तेथेच निकामी होऊन पडल्या आहेत. ‘मंगळाची लोकसंख्या दोन’ असे लिहिले तर संपादक ते खोडतील, पण ‘मंगळावर सध्या यंत्रांचीच वस्ती आहे’ हे वाक्य कोणत्याही मराठी वाचकाला पटेल.

आता ज्याकडे आपल्या मंडळाचे लक्ष गेलेले दिसत नाही अशी एक गोष्ट. मराठीत माणसे मोजण्याची रीतच वेगळी आहे. तीन खुर्च्या, तीन पंप, तीन नग. पण माणसे आली तर ‘तिघे आले’, ‘पाच जण आले’. यंत्रमानवांबाबत ‘तीन यंत्रमानव आले’ लिहायचे की ‘तिघे यंत्रमानव आले’? मराठी लेखकाला यातून सुटका नाही. प्रत्येक वेळी त्याला निवड करावीच लागते. शेतकरी आपल्या बैलांविषयी ‘दोघेही दमले आहेत’ असे म्हणतो, तेव्हा त्याने त्यांना घरात घेतलेले असते. आपल्या कथेत निवेदक ‘तीन’ म्हणत राहिला आणि एखादे पात्र ‘तिघे’ म्हणाले, तर त्या पात्राची यंत्रमानवांकडे पाहण्याची दृष्टी एका अक्षरात सांगून होईल. हेच क्रियापदांचे. यंत्र ‘बंद पडते’, माणूस ‘मरतो’. यंत्र ‘असते’, माणूस ‘राहतो’. एवढे सांभाळले तर लोकसंख्येच्या वाक्यावर सारा भार येणार नाही.

पुरवणी (नाशिक रोड)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. दोन मुद्दे जोडतो.

पहिला मुद्दा मूळ शब्दाचा. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या 1920 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकातून जगभर गेला, आणि तो त्यांना त्यांचे बंधू जोसेफ यांनी सुचवला होता. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे काम. आपल्याकडे त्याला ‘वेठ’ म्हणतात, आणि असे काम करणारा तो वेठबिगार. त्या नाटकातील रोबोट लोखंडाचे नाहीत, ते रासायनिक रीतीने घडवलेल्या सजीव द्रव्याचे आहेत, म्हणून तेथे ‘यंत्रमानव’ शब्द नीट बसत नाही. त्यांची संख्या वाढत जाते, माणसांना मुले होणे थांबते, बंड होते आणि शेवटी एकच माणूस उरतो. त्या क्षणी पृथ्वीची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे उत्तर ‘एक’ द्यायचे की लाखोंनी द्यायचे, यावर नाटक शोकांतिका आहे की नव्या सृष्टीचा आरंभ आहे हे अवलंबून राहते. म्हणून ‘यंत्रमानव’ शब्द प्रत्येक कथेला डोळे झाकून लावू नये, अशी माझी विनंती आहे.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. काही जण म्हणतात की लोकसंख्या म्हणजे साधी मोजदाद, तिच्यात नीतिअनीतीचा प्रश्न येत नाही. हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या 1787 मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांश या हिशेबाने करण्याची तरतूद होती, आणि ती 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दूर झाली. जिवंत माणसांचा अपूर्णांक करून त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढवण्याचे काम एका मोजणीने केले. वसवलेल्या ग्रहांवरील माणसे आणि यंत्रमानव यांच्या कथा लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवले, तर ‘लोकसंख्या’ हा शब्द तो कधीच सहज लिहून पुढे जाणार नाही.

‘यंत्रसंख्या’ या नव्या शब्दाविषयी थोडेसे. जवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी मराठीला ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द दिले. ते रुळले, कारण लोकांना त्यांची रोजची गरज होती. ‘यंत्रसंख्या’ची रचना निर्दोष आहे आणि तक्त्यात किंवा अहवालात तो शोभेल. संवादात मात्र तो कोणाच्या तोंडी घालू नये.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर (गंगापूर रोड)

दोन्ही सरांचे मनःपूर्वक आभार. ‘तीन’ आणि ‘तिघे’ हा भेद आम्ही रोज बोलतो, पण तो कथेत कामाला लावता येईल हे सुचले नव्हते. मी सुरुवात पुन्हा लिहिली आहे : ‘वसाहतीच्या दप्तरी लोकसंख्या 3 हजार होती. यंत्रमानव 40 हजार होते; त्यांची नोंद खतावणीत होती.’ पुढे वसाहतीत जन्मलेली एक मुलगी धावत येऊन आईला सांगते, ‘ते तिघे परत आले.’ आई तिला ‘तीन’ म्हण, असे बजावते. दोन शंका उरल्या आहेत. आईने असे बजावणे फार उघड होते का? आणि ‘यंत्रमानव’ हा शब्द वारंवार आल्याने वाक्ये जड होतात. ‘रोबो’ चालेल का, आणि त्याचे सामान्यरूप कसे करावे?

उत्तर (सिडको, नाशिक)

नवे वाक्य पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगले झाले आहे, कारण आता मोजणारा कोण हे त्यात दिसते. आईचे बजावणे मात्र मी काढून टाकीन. मुलगी ‘तिघे’ म्हणते आणि आई उत्तरात ‘तीन? चौथा कुठे आहे?’ असे विचारते, एवढे पुरे आहे. मराठी वाचकाचा कान हा फरक टिपतो. तो समजावून सांगितला तर त्याची धार जाते.

‘रोबो’ आणि ‘रोबोट’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत. एक निवडून ते अखेरपर्यंत पाळावे. ‘रोबो’ घेतल्यास ‘फोटोंची’ या धर्तीवर ‘रोबोंची’, ‘रोबोंना’ असे लिहावे. ‘रोबोट’ घेतल्यास ‘रोबोटांची’, ‘रोबोटांना’. माझी सूचना अशी की दप्तराच्या भाषेत ‘यंत्रमानव’ ठेवावे आणि घरातल्या बोलण्यात ‘रोबो’. वसाहतीतील मुले तर त्यांना नावानेच हाक मारतील, तेव्हा तेथे दोन्ही शब्दांची गरज पडणार नाही.

एक दुरुस्ती राहिली. ‘खतावणी’ ही जमाखर्चाची वही आहे, तीत वस्तूंची यादी नसते. आपल्याकडे शाळांत आणि कचेऱ्यांत बाके, कपाटे, यंत्रे यांची नोंद ज्या वहीत होते, तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, आणि बोलताना सगळेच तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. आपल्या वाक्यात तोच शब्द हवा : ‘यंत्रमानव 40 हजार होते, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होती.’